खेजडी : मारवाडने खाऊन राखलेले झाड

१/
इ. स. १७३०चा भाद्रपद. जोधपूरजवळच्या खेजडली गावात महाराजा अभयसिंहाची माणसे कुऱ्हाडी घेऊन आली. महालाच्या बांधकामासाठी चुना भाजायचा होता. भट्टीला लाकूड हवे होते. रखरखीत मारवाडात एवढी दाट झाडी या गावातच का होती, या प्रश्नात पुढचा सारा इतिहास दडलेला आहे.

२/
गाव बिष्णोईंचे होते. जांभोजींनी १४८५मध्ये स्थापलेल्या या पंथाला २९ नियमांची चौकट आहे. हिरवे झाड तोडू नये, हा त्यांपैकी एक. अडीचशे वर्षे पाळलेल्या नियमामुळे झाडे वाढली आणि नेमकी तीच दरबाराच्या डोळ्यांत भरली.

३/
अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या आणि मारल्या गेल्या. त्यांच्यामागून त्यांच्या मुली, मग आसपासच्या गावांतले लोक. बिष्णोई परंपरा ३६३ बळी सांगते. अखेर अभयसिंहाने बिष्णोई गावांतील वृक्षतोडीला मनाई केली. मराठ्यांच्या इतिहासात हाच अभयसिंह भेटतो, तो १७३२मध्ये डाकोरला झालेल्या पिलाजीराव गायकवाडांच्या खुनाचा सूत्रधार म्हणून.

४/
ही कथा बहुधा बलिदानापाशी संपवली जाते. पण झाड टिकले ते रोजच्या वापरामुळेही. खेजडी म्हणजे आपली शमी. महाराष्ट्रात तिलाच सौंदड म्हणतात. आपण तिला दसऱ्याला पुजतो, मारवाडी माणूस तिला जेवतो. कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. त्या उकडून, वाळवून साठवतात आणि केरच्या फळांसोबत त्यांची भाजी करतात. पाला उंट-शेळ्यांना. मुळे खोल जात असल्याने ऐन वैशाखातही झाड हिरवे असते, आणि त्याच्या आसऱ्याने बाजरी जोमाने येते.

५/
१८६८-६९च्या राजपुतान्यातील दुष्काळात लोकांनी खेजडीची साल दळून तिच्या पिठावर जीव जगवला. साल खरवडणे म्हणजे उद्याचे भांडवल मोडून आजचा दिवस काढणे. ते भांडवल शिल्लक होते, कारण आधीच्या पिढ्यांनी झाड तोडले नव्हते.

६/
राखणे म्हणजे हात न लावणे नव्हे. पाल्यासाठी हिवाळ्यात खेजडी छाटतात. पण पूर्ण छाटलेल्या झाडाला पुढच्या हंगामात शेंगा धरत नाहीत. सांगरी हवी असेल, तर काही झाडे न छाटता सोडावीच लागतात. गावाच्या ‘ओरण’चे, म्हणजे आपल्या देवराईसारख्या देवाच्या जमिनीचे, शास्त्रही असेच : गुरे चारावीत, पडलेली काटकी न्यावी, कुऱ्हाड चालवू नये. भूक आणि श्रद्धा येथे एकमेकींना धरून होत्या.

७/
विसाव्या शतकात राज्यसंस्थेने हिरवाईचा दुसरा मार्ग धरला. जोधपूर संस्थानाने १९४०मध्ये विलायती बाभळीला ‘राजवृक्षा’चा मान दिला. आपल्याकडची वेडी बाभूळ ती हीच. सरपण भरपूर मिळाले. पण तिने चराऊ जमिनी व्यापल्या आणि देशी झाडांना मागे रेटले. स्वातंत्र्यानंतर अनेक ओरणांची सरकारी दप्तरात ‘पडीक’ अशी नोंद झाली. दप्तरात जे पडीक ठरते, ते वाटून टाकणे सोपे असते.

८/
१९८३मध्ये खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष झाली. तरीही शेतात ट्रॅक्टरखाली रोपे उखडतात, भूजल खाली जाते, मुळे पोखरणारी कीड आणि बुरशी जुनी झाडे वाळवते. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांचे सर्वेक्षण करून त्यांना वन म्हणून नोंदवण्याचे निर्देश दिले. मात्र वन ठरलेल्या ओरणात गावाचा चराईचा आणि शेंगांचा हक्क टिकला नाही, तर राखणदारच परका होईल.

९/
१७३०मध्ये कुऱ्हाड दिसत होती, म्हणून तिच्यासमोर उभे राहता आले. आजची कुऱ्हाड दप्तरातल्या एका शब्दात असते. झाडांसाठी प्राण देणाऱ्यांच्या स्मरणार्थ खेजडलीत आजही भाद्रपदात मेळा भरतो. त्यांचे खरे स्मारक मात्र शेतात न छाटता सोडलेल्या त्या चार खेजड्यांत आहे.