पावकीपासून पावतीपर्यंत



24 डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. 1986 साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या दिवशी बऱ्याच शाळांत ग्राहकाच्या हक्कांवर भाषण होतं, फळ्यावर हक्कांची यादी लिहिली जाते आणि मुलं ती वहीत उतरवून घेतात. संध्याकाळी त्यातल्याच एखाद्याला दुकानात पाठवा. उरलेले पैसे न मोजता खिशात टाकून घरी येतो. यादी पाठ आहे, पण व्यवहार कच्चा आहे. मुलांना व्यवहार शिकवायची आपल्याकडची पद्धत तर फार जुनी आहे. मग मधे काय झालं?

आपल्या पणजोबांच्या शाळेत एक ते तीस पाढ्यांवर भागत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळं पाठ लागायचं. कारण रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे किंवा 12 पै. मणाचे 40 शेर आणि शेराचे पुन्हा पावशेर, छटाक. सगळा बाजारच पाव आणि अर्ध्यावर चालायचा. शेराला 7 आणे भाव असेल तर अडीच शेराचे किती? साडेसतरा आणे, म्हणजे एक रुपया दीड आणा. हे पोरगं उभ्या उभ्या सांगायचं. त्यात गावोगावचा शेर वेगळा, त्यामुळे कोणत्या शेराचा भाव हेही विचारावं लागे.

पण ही शाळा किती जणांच्या वाट्याला आली? शेतकऱ्यांच्या मुलांना ती क्वचितच मिळाली आणि मुलींना तर जवळजवळ नाहीच. त्याचा परिणाम 1875 साली दिसला. त्या वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि त्यांच्याकडची कर्जखतं जाळली. दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. लोकांचा राग कागदावर होता, कारण त्यावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं आणि अंगठा मात्र त्यांचाच होता. ते सावकार मुख्यतः मारवाडी आणि गुजराती होते आणि त्यांत आपल्या धर्माची घरंही होती. हा इतिहास आपल्या घरांत सांगितला जात नाही, पण मुलांना तो ठाऊक असावा असं मला वाटतं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट होती. कर्जदाराने पैसे भरले की पावती मागायचा आणि आपल्या खात्याचा लेखी हिशेब मागायचा हक्क त्याला मिळाला. म्हणजे ग्राहकाच्या हातात पक्का कागद हवा, हा विचार आपल्याकडे निदान तेव्हापासूनचा आहे. पण ज्याला पावती वाचता येत नाही, तो ती मागून काय करणार? तीनच वर्षांनी, 1882 साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे सांगताना त्यांनी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबही घातला होता. शेती, नीती, आरोग्यही होतं. ज्या मुलाला उद्या सावकारापुढे बसायचं आहे, त्याला काय आलं पाहिजे याचीच ती यादी होती.

पुढे 1 एप्रिल 1957 ला नया पैसा आला. रुपयाचे 100 पैसे झाले, आणा सव्वासहा पैशांचा ठरला. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं एकत्र चालली. एका आण्याचे सहा पैसे धरायचे आणि तीन आण्यांचे एकोणीस, असली कोष्टकं लोकांनी पाठ केली. 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर आले. हिशेब सोपा झाला, गावोगावचा शेर गेला, हे चांगलंच झालं. पण त्यासोबत पावकी-निमकी शाळेतून गेली आणि बाजारासाठी मुलाला तयार करण्याचं कामही शाळेच्या अंगावरून हळूहळू उतरलं.

ते काम मग बायकांनी उचललं. 1966 साली मुंबईत काही जणींनी एकत्र येऊन कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. 1972 मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांबरोबर हजारो गृहिणी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. 1986 चा कायदा या सगळ्यांच्या पाठपुराव्यानंतर आला. त्यात सुरक्षितता, माहिती, निवड यांच्या जोडीला ग्राहक शिक्षण हाही एक हक्कच धरला आहे. 2002 पासून शाळांत ग्राहक मंडळं काढायला सरकारने अनुदानही दिलं.

माझ्या सासूबाईंना औटकीपर्यंत सगळं तोंडपाठ होतं. वडिलांच्या किराणा दुकानात बसून शिकल्या होत्या. 1980 च्या सुमारास त्यांनी ओळखीच्या सराफाकडून 22 कॅरट म्हणून पाटल्या केल्या. 1996 साली नणंदेच्या नर्सिंगच्या फीसाठी त्या मोडायला नेल्या, तर सोनं 18 च्या आसपास निघालं. कायदा होऊन दहा वर्षं झाली होती, पण हातात होती ती चिठ्ठीवर आकडा लिहिलेली कच्ची पावती. तिच्यावर ना शुद्धता, ना सही. फीला पैसे कमी पडले आणि नणंदेचं एक वर्ष घरी गेलं. भावाचा गुणाकार त्यांनी कधीच चुकवला नव्हता. पक्की पावती मागायला हवी, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आज हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा क्रमांक असतो आणि बीआयएस केअर ॲपवर तो कुणीही तपासू शकतं. नववी-दहावीच्या मुलीला हे सहज जमतं.

रविवारच्या पाठशाळेत मी मुलांकडून तीन गोष्टी करून घेते. पहिली, घरातल्या पुड्यांची वेष्टनं आणायची आणि 100 ग्रॅमचा भाव काढायचा. 200 ग्रॅमचा पुडा 48 रुपयांना आणि 500 ग्रॅमचा 130 ला असेल, तर लहान पुडा 24 रुपयांनी पडतो आणि मोठा 26 रुपयांनी. मोठा पुडा स्वस्तच असतो असं नाही, हे मुलांना स्वतः गणित केल्यावर पटतं. दुसरी, खाऊच्या पैशांची वही ठेवायची. यूपीआयने दिलेले पैसेही त्यात लिहायचे, कारण ते हातातून जाताना दिसत नाहीत. तिसरी, दुकानात मोठ्याने "काका, बिल द्या" म्हणायचं. ही तिसरी गोष्ट सगळ्यांना जड जाते. सातवीतला एक मुलगा एकदा म्हणाला, "ताई, आमच्या दुकानात मागितलं तरच बिल देतात." वर्ग गप्प झाला. मी त्याला अचौर्याणुव्रताचे अतिचार काढायला सांगितले. हीनाधिकमानोन्मान म्हणजे देताना कमी आणि घेताना जास्त मापणं. प्रतिरूपक व्यवहार म्हणजे चांगल्यात हलकं मिसळून विकणं. आणि तदाहृतादान म्हणजे चोरीचा माल घेणं; ते तर गिऱ्हाइकाच्या बाजूचं आहे. "मग बिल न देणं यात कुठे बसतं?" मी विचारलं. त्याने वडिलांना विचारून सांगतो म्हटलं. पुढच्या रविवारी तो बिलबुक घेऊन आला.

आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरी दुकान आहे आणि प्रत्येकीच्या हातात पिशवी आहे. म्हणून आपल्या मुलांना गल्ल्याच्या दोन्ही बाजूंचं शिकवावं लागेल. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि जवळ पावती हवी.

या सुट्टीत महिन्याची किराणा यादी मुलांच्या हातात द्या. भाव त्यांनी विचारावेत, बेरीज त्यांनी करावी, बिल त्यांनीच मागावं. आपण पिशवी धरून शेजारी उभं राहायचं.