चौसष्ट त्रिकांचा हिशेब

संगणकीय जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कोणा ज्येष्ठाचे व्याख्यान वाचायला द्यावे, असे मला कोणी विचारले तर मी सिडनी ब्रेनर यांचे नाव घेईन. ८ डिसेंबर २००२ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांनी नोबेल व्याख्यान दिले, तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते. मानवी जनुकसंचाचा कच्चा आराखडा आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता आणि जिकडेतिकडे माहितीच्या साठ्यांचे कौतुक चालले होते. अशा वेळी त्यांनी बजावले, की आपण माहितीच्या समुद्रात बुडतो आहोत आणि ज्ञानाला मात्र पारखे झालो आहोत.

ही म्हातारपणीची कुरकुर नव्हती. हे बोलण्याचा अधिकार त्यांनी पंचेचाळीस वर्षे आधीच कमावला होता.

डीएनएची चार अक्षरे प्रथिनांतली वीस अमिनो आम्ले कशी ठरवतात, हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. १९५४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमॉव्ह यांनी मांडलेल्या कल्पनेपासून एकमेकांवर चढलेल्या त्रिकांची चर्चा सुरू झाली. त्यात एका त्रिकाची शेवटची दोन अक्षरे हीच पुढच्या त्रिकाची पहिली दोन अक्षरे असतात.

ब्रेनर यांनी त्यातली मेख ओळखली. नवे अक्षर एकच असल्यामुळे कोणत्याही त्रिकापुढे चारच त्रिके येऊ शकतात. म्हणजे एखाद्या अमिनो आम्लाच्या पुढे पंधरा वेगवेगळे शेजारी आढळले, तर त्याच्या वाट्याला किमान चार त्रिके हवीत. तोवर ज्ञात असलेल्या प्रथिनांचे क्रम गोळा करून त्यांनी प्रत्येकाचे शेजारी मोजले आणि बेरीज केली. उपलब्ध त्रिके ६४; बेरीज त्यापुढे गेली. १९५७ मध्ये छापलेल्या या निबंधाने तसल्या साऱ्या संकेतांचा एकदम निकाल लावला. मी प्रयोगशाळेत कधी काम केलेले नाही, पण हा तर्क मलाही वहीच्या एका पानावर पडताळता आला.

ब्रेनर यंत्रांचे वैरी नव्हते. मिलिमीटरभर लांबीच्या कृमीच्या मज्जासंस्थेचा नकाशा काढण्यासाठी त्यांनी संगणक आणवला होता. त्या काळच्या यंत्राला ते काम पेलले नाही. मग सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांवर हातानेच खुणा करत ३०२ चेतापेशींच्या जोडण्या शोधल्या. तो नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र बदलले, हात बदलले. प्रश्न मात्र पहिल्यापासून ठाम होता.

पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी ही वाट धरली. त्यांच्यासमोर आज कोट्यवधी क्रम आहेत, ब्रेनर यांच्यापुढे मूठभर होते. पण त्या मूठभरांना विचारायचे काय, हे त्यांना ठाऊक होते: माझी कल्पना खोटी असेल, तर ते मला कशावरून कळेल? संगणक सुरू करण्याआधी हा प्रश्न वहीत लिहायला हवा. तो यंत्र आपल्यासाठी लिहून देत नाही.