महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग : अधिकारकक्षा

महाराष्ट्रातील वीजदर ठरवणारी अर्धन्यायिक संस्था. स्थापना ५ ऑगस्ट १९९९, विद्युत नियामक आयोग अधिनियम, १९९८ अन्वये. विद्युत अधिनियम, २००३ आल्यावर त्याच्या कलम ८२ खाली पुढे चालू. मुख्यालय मुंबई. अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तीन सदस्य. त्यांपैकी एक कायद्याचा जाणकार असलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले.

दरनिश्चिती (कलम ६२, ६४) हा आयोगाचा गाभ्याचा अधिकार. वितरण कंपनी याचिका दाखल करते, तिचा गोषवारा वर्तमानपत्रांत छापला जातो, सूचना व हरकती येतात. याचिका मिळाल्यापासून १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो. सरकारी वितरण कंपनी महावितरणच्या याचिकांवर मुंबईबाहेर पुणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणीही जाहीर सुनावण्या झाल्या. पूर्वी राज्य वीज मंडळाच्या फायलीत बंद राहणारा हिशेब यामुळे हरकतदारांना तपासता आला. आयोगाच्या साऱ्या कामात याचे मोल सर्वाधिक आहे. पुण्याची ‘प्रयास’ आणि मुंबई ग्राहक पंचायत यांनी ग्राहक प्रतिनिधी म्हणून येथे दीर्घकाळ बाजू मांडली. या हिशेबात विनामीटर कृषिपंपांच्या नावे दाखवलेल्या विजेत गळती किती दडलेली आहे, याबाबत मतभेद आहेत.

घरगुती बिलावरील स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार आयोगाच्या आदेशाने ठरतात. इंधन समायोजन आकार आयोगाच्या सूत्राने. त्याखालचे वीज शुल्क मात्र राज्य शासनाचे. त्याला आयोग हात लावू शकत नाही. शासनाला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असल्यास तिची रक्कम आगाऊ भरावी लागते (कलम ६५).

वीजनिर्मिती कंपन्या व परवानाधारक यांच्यातील वाद आयोगाने सोडवावेत किंवा लवादाकडे सोपवावेत (कलम ८६); हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये उचलून धरला. सामान्य ग्राहकाला मात्र बिलाच्या तक्रारीसाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि नंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे जावे लागते.

आदेशभंगाला दंड एक लाख रुपयांपर्यंत, भंग चालू राहिल्यास रोज ६,००० रुपयांपर्यंत (कलम १४२). हजारो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीला ही रक्कम जाणवतही नाही. कायद्याची खरी लंगडी बाजू हीच.

सार्वजनिक हिताच्या धोरणात्मक बाबींवर शासन आयोगाला निर्देश देऊ शकते (कलम १०८).

अपील : विद्युत अपील न्यायाधिकरण, ४५ दिवसांत, पुढे सर्वोच्च न्यायालय.

परवाने : देणे, बदलणे, रद्द करणे.