इतर हक्क

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मालकाच्या नावाबरोबर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा, विधवा आईचं किंवा बहिणीचं नाव, असं बरंच काही त्यात येतं. तलाठी कार्यालयातून उतारा हातात पडला की माणूस आधी मालकाचं नाव बघतो, मग क्षेत्र बघतो. हा रकाना तो बोजा उतरला की नाही एवढ्यापुरताच वाचतो. तिसगावच्या म्हाताऱ्या माणसांकडून जमिनीच्या ज्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या, त्या जवळजवळ सगळ्या या रकान्यातल्या आहेत. काही तिथं लिहिल्या गेल्या, पुष्कळशा कुठंच लिहिल्या गेल्या नाहीत. गाव मात्र त्यांच्यावरच जगलं.

नगरहून पाथर्डीकडे निघालं की डोंगरावरचा चांदबिबी महाल मागे पडतो, मेहेकरी येते, करंजीचा घाट लागतो, आणि करंजी, देवराई ओलांडली की तिसगाव. एका अंगाला वृद्धेश्वर, दुसऱ्या अंगाला मढीचे कानिफनाथ. मुलूख पर्जन्यछायेचा. खरिपाला बाजरी, रब्बीला ज्वारी, जोडीला तूर, हरभरा. अशा मुलखात जमीन किती यापेक्षा पाणी कुणाचं, वाट कुठून, आणि खळ्यावर वाटा कुणाकुणाचा, हे प्रश्न मोठे असतात.

माझ्या आजीला जमीन एकरांत सांगता यायची नाही. ती वावर बियाणावर मोजायची. अमुक पायली बाजरीचं रान, तमुक पायली ज्वारीचं. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले, पण तिच्या तोंडी शेवटपर्यंत चिंचेचं वावर, वरली पट्टी आणि माळ हीच नावं राहिली. प्रत्येक नावामागं ती माणसं सांगायची. चिंचेच्या वावरातून कुंभाराची गाढवं मातीला जायची, ती कुणी अडवायची नाही. वरल्या पट्टीच्या बांधावरची बाभळ आमची, पण तिच्या शेंगा धनगराच्या शेळ्यांच्या. आणि धनगरानं पेरणीआधी मेंढरं आमच्याच वावरात बसवायची, म्हणजे खताची सोय. तिच्या लेखी जमीन आमची होती याचा अर्थ हे सगळे व्यवहार पाळायची जबाबदारी आमची होती.

विहिरीची गोष्ट ती फार सविस्तर सांगे. भावकीतल्या चार घरांनी मिळून विहीर पाडली. खडक वडारांनी फोडला, गाळ घरच्या माणसांनी उपसला. विहीर सोळा आण्यांची धरली. एका घराचे आठ आणे, एकाचे चार, उरलेल्या दोघांचे दोन-दोन. आठ दिवसांचा फेरा ठरला : मोठ्या हिश्शाला चार दिवस, मधल्याला दोन, धाकट्यांना एकेक. मोटेचं चामडं चांभारानं शिवायचं, नाडा आणि सोल मांगानं वळायचा, लाकूडकाम सुताराचं. थारोळ्यात पडणाऱ्या पाण्यात एवढ्या हातांचा वाटा होता.

दोन आण्यांच्या एका घरातला कर्ता माणूस गेला, बैलही विकले गेले. त्याच्या बायकोची पाळी आली की शेजारचा आपली बैलजोडी धावेवर घालून तिचं वावर भिजवून द्यायचा. ‘तिच्या पाळीचं पानी कुनी खाल्लं न्हाई,’ असं आजी म्हणायची. पण तीच आजी दुसरी गोष्टही सांगायची. दुसऱ्या एका विहिरीवर अशाच एका बाईची पाळी रात्रीतून चोरली गेली, आणि तिनं कागद कुठून दाखवायचा? हक्क माणसांच्या आठवणीत होता, आणि आठवण ज्याचं वजन जास्त त्याच्या बाजूला झुकली. आजी या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायची, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवते. जुनं सगळं चांगलं होतं असं तिनं कधी सांगितलं नाही.

बलुत्याचंही तसंच. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात या व्यवस्थेचा सगळा हिशेब आहे. सुगीला खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट आपापलं बलुतं घेऊन जायचे. आमच्या घरात ही आठवण उदारपणाची म्हणून सांगितली जायची. महारवाड्यातल्या एका म्हाताऱ्या आबांकडे तिची दुसरी बाजू होती. वतनाची जमीन थोडी, तिच्या बदल्यात रात्री-अपरात्री सांगावा घेऊन धावायचं, सरकारी माणसाचं ओझं उचलायचं, मेलेलं जनावर ओढायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं ते याच वेठीविरुद्ध. कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्यानं रद्द झाली. मूळ वतनदारांना जमिनी रक्कम भरून परत मिळाल्या, पण परवानगीशिवाय विकता येणार नाही या अटीवर. आबा म्हणायचे, ‘आमची जिमीन हाय, पर सरकारला इचारून.’ ते हे वाक्य अगदी शांतपणे उच्चारायचे, आणि ते ऐकताना आमच्या घरची सुगीची गोष्ट किती अपुरी आहे हे मला कळायचं.

गावोगावच्या शेतीची ही घडण आपल्यापुरती नाही. जावा बेटावरच्या भातशेतीच्या गावांतही गावच्या अधिकाऱ्यांना पगाराऐवजी जमीन कसायला देत, तिला बेंगकोक म्हणत. आपल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाची ती सख्खी बहीण. भात कापणीला गावातल्या बायका हातात मावेल एवढी आनी-आनी नावाची सुरी घेऊन येत, एकेक लोंबी खुडत, आणि कापलेल्या भाताचा ठरलेला वाटा घरी नेत. त्या वाट्याला बावोन म्हणतात. भूमिहीन बाईचाही त्या शेतावर एवढा हक्क असे. १९७० च्या सुमाराला नवी वाणं आली, उभं पीक व्यापाऱ्याला विकायची पद्धत वाढली, व्यापारी आपली विळेवाली टोळी आणू लागला, आणि पुष्कळ गावांत बायकांच्या हातातला तो वाटा आटला. शेताचा मालक तोच राहिला. कुठल्याही दप्तरात नसलेला हक्क तेवढा गेला. समुद्रापलीकडची ही हकीकत वाचताना मला तिसगावचीच खळी दिसत होती.

आपल्याकडे कागदाची भीती जुनी आहे. इंग्रजांनी १८३५ पासून इंदापूरकडून सुरुवात करून दख्खनभर मोजणी केली, सारा रोख रकमेत ठरवला आणि जमीन शेतकऱ्याच्या नावावर लावली. नावावर लागलेली जमीन गहाण टाकता येते आणि लिलावातही जाते. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि दस्तऐवज काढून जाळले, आणि ते लोण आपल्या नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत आलं. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला. त्या उठावात लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. आमच्या तिसगावच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजूनही ‘अंगठा’ हा शब्द दुखऱ्या जागेवर बोट ठेवावं तसा येतो.

१९०३ च्या कायद्यानं हक्कनोंदणी सुरू झाली. पुढं कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, कसणारा मालक झाला. त्या वर्षांतल्या गोष्टी गावात दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळतात. कुणी कसत असलेली जमीन मालकीची झाल्यावर बांधावर नारळ फोडला. कुणाकडून आधीच कूळ सोडल्याचा राजीनामा लिहून घेतला होता, तो कोरडाच राहिला.

त्याच सुमारास आमच्या घरात आजोबा गेले. जमीन एकत्र होती, म्हणून आजीच्या थोरल्या दिरांचं नाव लागलं आणि त्यापुढं ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं आली : एकत्र कुटुंब मॅनेजर. आजीचं नाव गेलं इतर हक्कांत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत पूर्ण मालकीचा वाटा दिला होता, पण कायदा मुंबई-दिल्लीहून आमच्या वाड्यापर्यंत यायला फार वर्षं लागली. आजीनं त्या जमिनीत खुरपलं, सोंगलं, मळलं. १९७२ च्या दुष्काळात तालीच्या आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडली, पोरांना सुकडी खाऊ घातली, मिलोच्या भाकरी थापल्या, पण दिरांनी जमीन विकायचा विषय काढला तेव्हा उंबऱ्यात उभी राहून नको म्हणाली. जमीन राहिली ती तिच्या नकारामुळं. तिच्या त्या नकाराची नोंद कुठल्याच फेरफारात नाही.

पुढची वाटणी झाली तेव्हा आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. त्यांना साडीचोळी मिळाली, माहेर टिकेल असा शब्द मिळाला. बहिणीनं हक्क मागितला तर भाऊबीज तुटते, अशी धास्ती आमच्या भागातल्या घराघरांत आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केलं, २००५ साली देशभर तो हक्क आला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानं मिळतो हे स्पष्ट केलं. तरी स्टँपपेपरवरची सही थांबली नाही. वडील गेल्यावर असा कागद माझ्यापुढंही येईल असं नातेवाइकांनी गृहीत धरलं होतं. माझ्या भावानं तो काढूच दिला नाही, वारसनोंदीत दोघांची नावं बरोबरीनं लागली. आमची भाऊबीज त्यामुळं तुटली नाही, हे मी इथं मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टी कुणी सांगत नाही.

दरम्यान रानातलं पाणीही बदललं. मोटेजागी ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटर, आणि मग बोअर. इंजिनापर्यंत पाळी टिकली, कारण विहीर एकच होती. बोअर प्रत्येकानं आपल्या गटात घेतलं. कुणाला दोनशे फुटांवर लागलं, कुणाला पाचशेवरही फुफाटा. जमिनीखालचं पाणी बांध ओळखत नाही, पण बोअरला आण्यांचा हिस्साच उरला नाही. सोळा आण्यांची ती विहीर आता उन्हाळ्यात कोरडी असते. तिच्यातला आमचा हिस्सा मात्र इतर हक्कांत अजून लिहिलेला आहे.

ज्यांचं बोअर कोरडं गेलं, त्यांच्यातले कितीतरी ऊसतोडीला जातात. पाथर्डी तालुक्यातून दिवाळीनंतर टोळ्याच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि उचल नवऱ्याच्या हातात पडते. निम्मा कोयता बाईचा आहे हे मुकादमापासून सगळ्यांना ठाऊक असतं, पण हिशेबाच्या वहीत तिचं नाव नसतं. ‘इतर हक्क’ हा रकाना शेतापुरता राहिलेला नाही.

जमीन नसलेल्यांनीही आपापले हक्क जपले. मढीच्या यात्रेत होळी पेटवायचा मान गोपाळ समाजाकडे आहे. वर्षभर पालं घेऊन फिरणाऱ्यांना भूमीचा तुकडा नव्हता, पण नाथाच्या दारातला हा मान त्यांचा होता आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी तो सोडला नाही. माणसाला आपलं म्हणता येईल असं काही लागतं, आणि ते चारचौघांनी मान्य केलेलं लागतं. मालमत्तेचा गाभा मला यातच दिसतो.

शेतकरी संघटनेनं १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन केलं. नवऱ्यांनी आपल्या हयातीत बायकोच्या नावे जमिनीचा वाटा लावला. १९९२ साली शासनानंही परिपत्रक काढून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट सोपी केली. ही सोय फार थोड्या घरांनी वापरली. आपल्या जिल्ह्याला आता चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींचं नाव आहे. विधवा असताना त्यांनी राज्य चालवलं, आणि विधवांची मालमत्ता त्यांच्याकडेच राहावी याची काळजी घेतली, ही त्यांच्या राज्यकारभाराची ख्याती आहे. त्यांचं नाव लावलेल्या जिल्ह्यात आजीसारख्या बायका इतर हक्कांतच राहणार असतील, तर ते नाव आपण नुसतं पाटीवर मिरवतो आहोत.

पुढच्या ग्रामसभेत मी दोन विषय मांडणार आहे. सामाईक विहिरींचे हिस्से, पाणंदी, गाडीवाटा आणि बांधावरची झाडं यांची नोंद गावानं म्हाताऱ्या माणसांना विचारून करून ठेवावी, ज्यांना आठवतं ती माणसं आहेत तोवर. आणि ज्या घरात नवरा-बायको दोघं राबतात, तिथं दोघांचीही नावं मालकाच्या रकान्यात, दोघंही हयात असताना लागावीत. पहिल्या कामाला वही आणि आठ-पंधरा संध्याकाळी पुरतील. दुसऱ्याला एक अर्ज आणि नवऱ्याची सही लागते. अर्जाचे कोरे नमुने मी सभेला बरोबर घेऊन जाणार आहे.