द्रवरूप रेझिनांचे काचसंक्रमण तापमान : मापनाचा इतिहास

पाणी गोठते ते एका निश्चित तापमानाला. रेझिनासारखे काही द्रव मात्र स्फटिक न बनताच थंड होता होता घट्ट आणि ठिसूळ होतात. हा बदल ज्या तापमानाच्या आसपास घडतो, त्यास काचसंक्रमण तापमान म्हणतात. गोठणबिंदूप्रमाणे हा आकडाही पदार्थाच्या अंगचाच असावा, ही अपेक्षा स्वाभाविक होती. मापनाच्या इतिहासात ती टप्प्याटप्प्याने मोडत गेली.

मुख्यतः भारतातून येणाऱ्या लाखेला पर्याय शोधताना लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट सिद्ध केले. विरघळणारी प्रारंभिक, केवळ मऊ होणारी मध्यम आणि न वितळणारी अंतिम अशा त्याच्या तीन अवस्था त्यांनी वर्णिल्या. एकाच रेझिनाचे गुणधर्म अभिक्रियेच्या प्रगतीनुसार पालटतात, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे गुस्ताव टामान यांनी काचावस्थेचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचा या विषयावरील जर्मन ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० मध्ये फॉक्स आणि फ्लोरी यांनी पॉलिस्टायरिनचे विशिष्ट घनफळ निरनिराळ्या तापमानांना मोजले. आलेखाचा उतार जेथे बदलतो, तो संक्रमणबिंदू रेणुभाराबरोबर वर सरकतो, असे त्यांना आढळले.

द्रवरूप रेझिनाची अडचण निराळी होती. यांत्रिक चाचणीसाठी नमुन्याला स्वतःचा आकार हवा. द्रवाला तो नसतो. १९६२ मध्ये लुईस आणि गिलहॅम यांनी काचतंतूंची वेणी रेझिनात भिजवून तिचाच पीळ-लंबक केला. आंदोलनांच्या काळावरून दृढता व त्यांच्या क्षयावरून अंतर्गत घर्षण कळू लागले. त्याच दशकात वॉटसन आणि ओनील यांचा डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटर प्रचारात आला. ॲल्युमिनियमच्या झाकणबंद वाटीत काही मिलिग्रॅम द्रव ठेवून तो शून्याखाली थंड करावयाचा व ठरावीक वेगाने तापवावयाचा. विशिष्ट उष्णतेत येणारी पायरी म्हणजे संक्रमण. तापविण्याचा वेग वाढविला की पायरीही वरच्या तापमानाला दिसते.

अर्धवट दृढ झालेल्या नमुन्यात आणखी एक पेच असतो. मापनासाठी दिलेली उष्णताच अभिक्रिया पुढे नेते. दुसऱ्यांदा तापविल्यावर मिळणारा आकडा त्यामुळे सामान्यतः मोठा येतो. पहिले मापन नमुन्याची प्राप्त स्थिती सांगते, तर दुसरे मापनानेच बदललेल्या नमुन्याची. १९८३ मध्ये एन्स आणि गिलहॅम यांनी काल, तापमान व अवस्था यांचा संबंध एका आरेखात मांडला. दृढ होणाऱ्या रेझिनाचे संक्रमण तापमान वाढत जाऊन भट्टीच्या तापमानाला गाठते, तेव्हा रेणूंची हालचाल मंदावते आणि अभिक्रिया जवळजवळ थांबते. कमी तापमानाला दृढ केलेला भाग म्हणूनच पूर्ण तयार भासतो, पण उन्हात किंवा यंत्राच्या उष्णतेत मऊ पडू शकतो.

काळाकडे दुर्लक्ष करण्याचे मोल इपॉक्सीच्या एका वेगळ्या गुणधर्माबाबत १० जुलै २००६ रोजी दिसले. अमेरिकेतील बॉस्टन येथे बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे फलक मोटारीवर कोसळून एका स्त्रीचा मृत्यू झाला. बोल्ट धरून ठेवणारे इपॉक्सी अल्पकालीन भार पेलत असे. सततच्या भाराखाली मात्र ते हळूहळू ताणले गेले, असा निष्कर्ष चौकशीअंती २००७ मध्ये काढण्यात आला.

काचसंक्रमण तापमानाचा आकडा पदार्थाइतकाच त्याच्या पूर्वेतिहासाचा आणि मापनपद्धतीचाही असतो. नमुना किती दृढ झाला होता, तो कोणत्या वेगाने व कितव्यांदा तापविला, या नोंदी सोबत नसतील, तर त्या आकड्यावर बांधकामाचा भार टाकता येत नाही.