असईचे तिसरे निशाण

इंग्रजांची ७४ वी हायलँडर पलटण १७८७ साली हिंदुस्थानातील चाकरीसाठीच उभारली गेली. दि. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, हल्लीच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणी, आघाडीच्या तुकडीमागोमाग वाट चुकून ती थेट गावाजवळील शिंद्यांच्या तोफांपुढे आली. तिचे बहुतेक सर्व अधिकारी ठार अथवा जखमी झाले. १९ व्या घोडदळाने हल्ला चढविला म्हणून उरलेले बचावले. कंपनी सरकारने पलटणीस तिसरे, मानाचे निशाण दिले. १८८१ साली ती ७१ व्या पलटणीशी एकत्र झाली, तरी असईचा मान टिकला. त्या निशाणामुळे तिच्या मृतांचे स्मरण राहिले; तोफांपाशी पडलेले आपले गोलंदाज मात्र अनामिकच राहिले. शाळेत आम्हीही केवळ सन व सेनापती पाठ करून घेतले, ही आमची चूक. समाजबंधूंनो, घरातील जुनी दप्तरे उघडा. सापडतील ती नावे तरी टिपून ठेवू.