रकाने आपले, छापखाना कुणाचा?

हातात मोबाईल आला म्हणजे आपल्याला माध्यम मिळालं, असं आपल्यातले अनेक तरुण समजतात. हे अर्धसत्य आहे. माध्यमाचा प्रश्न आपल्या चळवळीत शंभर वर्षं जुना आहे आणि त्याला कायम दोन बाजू राहिल्या आहेत. आपलं म्हणणं लोकांपर्यंत न्यायचं कसं? आणि ज्या साधनाने न्यायचं, त्याची मालकी कुणाची?

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघालं. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, म्हणून पाक्षिक उभं राहिलं. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू झालं. त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकहाती लिहावे लागले. पुढे 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. एक पत्र बंद पडलं की दुसरं काढायचं, हा हट्ट छत्तीस वर्षं चालला. बाबासाहेबांनी नुसतं पत्र काढलं नाही, स्वतःचा छापखानाही उभा केला. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला विचार किती दिवस छापला जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या इतिहासात आपलं सोलापूरही आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये इथे विद्यार्थी वसतिगृह सुरू केलं. सभेच्या प्रेरणेने विद्यार्थी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवत. ज्यांच्या घरात लिहिण्याची परंपराच येऊ दिली नव्हती, त्यांची मुलं मासिक काढत होती. त्यांच्याकडे फॉलोअर्स नव्हते. पण लिहायचं, तपासायचं आणि मग वाचकासमोर ठेवायचं, ही शिस्त मासिकाशिवाय येत नाही.

इंटरनेटने काहीच दिलं नाही, असं मी म्हणणार नाही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडलं. मोठी वृत्तपत्रं कित्येक आठवडे ढिम्म होती. तेव्हा ई-मेल, ब्लॉग आणि एसएमएसनेच ही बातमी पसरवली. मधले द्वारपाल बाजूला झाले, हे खरं आहे.

पण द्वारपालाबरोबर तपासणाराही गेला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागून पोट भरणारे. कारण काय? मुलं पळवणारी टोळी आल्याची व्हॉट्सअॅपवरची अफवा. त्यानंतर कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. भटक्या माणसाकडे संशयाने पाहणारी जात आधीपासून होतीच. मोबाईलने तिला वेग दिला. तंत्रज्ञान जात मोडत नाही. समाजात जे असतं, तेच ते वेगाने वाहून नेतं.

मालकीचंही तेच. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी ब्राह्मणी पितृसत्तेविरोधी पोस्टर हातात धरलं, तर भारतात गदारोळ उठला. ते आमचं मत नाही, म्हणत कंपनीने हात झटकले. ज्यांच्या जागेवर आपण आपला इतिहास साठवतो, त्यांचा कणा एवढाच आहे.

मग आपण काय करतो? १४ एप्रिलला रील, ६ डिसेंबरला स्टेटस. बाबासाहेबांच्या नावावर कुणाचंही वाक्य फिरतं आणि आपणच ते पुढे ढकलतो. उद्या विरोधक त्यांच्या तोंडी उलटं वाक्य घालेल, तेव्हा कोणत्या तोंडाने हरकत घेणार?

म्हणून मित्रांनो, मोबाईल टाकू नका, पण शिस्त आणा. बाबासाहेबांचं वाक्य टाकाल तर खाली खंड आणि पान क्रमांक लिहा. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले खंड इंटरनेटवर मोफत आहेत. ते रीलइतकेच हाताशी आहेत. अफवा आली की ती आपल्या ग्रुपवर थांबवा, मग ती कोणत्याही समाजाविरुद्ध असो. आणि आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी, जुनी पत्रकं, 'प्रबुद्ध भारत'चे पिवळे पडलेले अंक स्कॅन करून विहारात आपल्या मालकीच्या डिस्कवर ठेवा.

रकाने भरायला आज हजारो हात आहेत. आता छापखान्याचं बघा.

जय भीम!